तिथीची पाऊणपट

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्याच्या प्रवासावर लिहिणे म्हणजे चकली-कडबोळ्यांच्या ताटात आंब्याची डाळ वाढण्यासारखे आहे, हे मला ठाऊक आहे. पण करता काय? मे महिन्यात कोकणच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड असलेली बरी खोली हवी असेल, तर तिचा विचार फराळाचे डबे रिकामे होण्याआधीच करावा लागतो. होळीनंतर जो जागा होतो त्याच्या वाट्याला येते ती स्वयंपाकघरामागची खोली, आणि तीही 'बघतो, कळवतो' या बोलीवर. तेव्हा या सदराच्या वाचकांनी एवढा अवेळीपणा पोटात घालावा.

बेत असा आहे की, २०२६ सालच्या मे महिन्यात मी आणि सौ. असे दोघेच आमच्या लहानशा मोटारीतून सात दिवस किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार आहोत. वाक्य लिहायला सोपे आहे. आमच्या लग्नाला एकतीस वर्षे झाली आणि एवढ्या काळात आम्ही काही घरात बसून राहिलो नाही. कुळाचारासाठी तुळजापूरला गेलो, लग्नांसाठी परळी-लातूर-नांदेड पालथे घातले, मुलीच्या प्रवेशासाठी पुण्याला आणि पुढे तिच्या वास्तुशांतीसाठी पुन्हा पुण्याला गेलो, एका मावसभावाच्या षष्ट्यब्दीसाठी तर थेट नागपूरपर्यंत धडकलो. पण उंबरठ्याबाहेर पडताना शेजाऱ्यांनी 'कुणाकडे?' म्हणून विचारावे आणि आपण 'कुणाकडेच नाही' असे उत्तर द्यावे, असा प्रवास काही घडला नाही. दोनदा बेत झाले होते. एक वडिलांच्या आजारपणात राहिला. दुसरा २०२० सालच्या एप्रिलचा होता. त्याचे काय झाले ते सांगण्याची गरज नाही, कारण त्या एप्रिलात सगळ्या देशाचेच बेत घरात बसले होते.

म्हणून या खेपेस सौ.ने सुरुवातीलाच अट घातली. वाटेत एकाही नातेवाइकाचे घर लागता कामा नये! आता छत्रपती संभाजीनगरहून पुण्यामार्गे कोकणात उतरायचे आणि नातेवाईक लागू द्यायचा नाही, हे आमच्यासारख्यांना जवळजवळ अशक्यच. नगरला माझी थोरली बहीण. (गावाचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण बहिणीच्या तोंडी अजून नगरच आहे.) पुण्यात मुलगी आणि जावई, शिवाय सौ.च्या दोन मावश्या आणि एक अत्यंत प्रेमळ, म्हणूनच अत्यंत धोक्याचे, चुलतसासरे. 'नुसत्या चहाला या' असे ते म्हणतात, आणि चहा संपेपर्यंत घरात श्रीखंडाचे पातेले आलेले असते.

यातून सुटण्यासाठी मी समृद्धी महामार्गाचा पर्याय मांडला. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पुरा झाला, तो आमच्या गावाला लागूनच जातो, आणि त्याच्यावर नातेवाईक राहत नाहीत. पण तो आपल्याला भिवंडीजवळ नेऊन सोडतो. तेथून पनवेलकडे आणि मग मुंबई-गोवा रस्त्याला लागायचे. त्या रस्त्याचे रुंदीकरण २०११ सालापासून चालू आहे. इतक्या वर्षांत आमच्या शेजारच्या मुलाची मुंज होऊन तो इंजिनिअरसुद्धा झाला! शेवटी पुण्याच्या बाहेरून वळसा घालून मुळशी, ताम्हिणी घाट, माणगाव आणि म्हसळ्यावरून हरिहरेश्वर, असा मार्ग ठरला. अंतर चारशे किलोमीटरच्या वर आहे. पहाटे चारला निघालो तर उजेड असताना पोचू. पुण्याच्या मंडळींना मात्र आम्ही परत आल्यावर कळेल. (हा अंक त्यांच्याकडे येत नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.)

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचे समुद्राशी नाते तसे लांबचे. जायकवाडीच्या नाथसागराच्या काठी उभे राहिले की पलीकडचा तीर दिसत नाही, तेवढ्यावर आमचा समुद्र भागतो. परंतु नेहमी असेच नव्हते. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या 'पेरिप्लस'मध्ये आपल्या पैठणचे नाव आहे. पैठणचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे आणि हा मार्ग वीस दिवसांचा होता, असे त्यात म्हटले आहे. सातवाहनांच्याच काळात जुन्नरहून नाणेघाटाने कल्याणकडे उतरत, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. आज तो रांजण मोटारीच्या काचेवर चिकटवलेला असतो आणि आपण नाक्याजवळ नुसते पोचलो तरी त्यात आपोआप पैसे पडतात. बाकी फारसा फरक नाही.

पण आमच्या घरात समुद्र आलेला आहे, तो पैठणच्या वाटेने नव्हे. तो आईबरोबर आला. आईचे माहेर गुहागर तालुक्यात, वेळणेश्वरपासून दोनेक कोसांवर. १९६० साली संयुक्त महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी तिचे लग्न झाले. मराठवाड्यातला मुलगा आणि कोकणातली मुलगी हा योग त्या वेळी इतका दुर्मीळ होता की, आमचे आजोबा म्हणत, सरकारने जे केले तेच आम्ही घरात केले. जयगडला पडावातून बोटीवर चढायचे, मुंबईस उतरायचे, रेल्वेने मनमाडला येऊन लहान रुळांची गाडी धरायची, असे करत ती औरंगाबादेस आली. त्या काळी पावसाळ्यात बोटी बंद असत. तेव्हा मृगापूर्वी माहेराहून निघाले नाही, तर पुढे तीन-चार महिने समुद्रमार्ग मिटला. हा हिशेब ती लहानपणापासून करत आलेली. आज ती पंच्याऐंशी वर्षांची आहे, वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते, आणि रात्री तिच्याजवळ कुणीतरी लागते.

आम्ही टेबलावर नकाशा पसरून बसलो होतो. मी मोठ्या हौसेने दोरा घेऊन हरिहरेश्वरापासून रेडीपर्यंतचा किनारा मोजत होतो. आई पलंगावरून म्हणाली, "नकाशा ठेव रे बाजूला. आधी पंचांग काढ."

"पंचांग कशाला? मुहूर्त बघायचा आहे का?"

"मुहूर्त कसला? पाणी बघायचंय. तिथीची पाऊणपट कर, भरती कधी ते कळेल."

किनाऱ्यावरच्या वाचकांना हे नवे नाही, पण आमच्या पठारावर ते कुणाला माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगतो. पक्षातल्या तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे उत्तर येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, एकीपासून दुसरीपर्यंत सहा तास आणि वर थोडी मिनिटे. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते असे विज्ञानाची पुस्तके सांगतात, आईच्या हिशेबात ती पंचेचाळीस मिनिटे सरकते. पाच मिनिटांचा हा फरक कोळ्यांनी इतक्या पिढ्या सांभाळून घेतला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी, म्हणजे दोन्ही बेताचे. अर्थात हा ठोकताळा आहे. गावोगावी अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते. खडकात उतरायचे असेल तर छापील तक्ता पाहावा आणि तिथल्या माणसाला विचारूनच उतरावे.

सौ. शाळेत गणित शिकवते. पाऊणपट हा शब्द ऐकताच तिने माझ्या हातातला दोरा काढून घेतला, पुढच्या वर्षाची दिनदर्शिका उघडली आणि पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले. तेव्हापासून प्रवासाची सूत्रे तिच्याकडे आहेत.

तारखा तिने अशा ठरवल्या. एक मे रोजी शाळेत झेंडावंदन आणि मुलांचे निकाल, तेव्हा निघायचे दोन मेला, शनिवारी. परत यायचे आठ मेला, कारण सतरा मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो आहे. अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलवायचे, तेहतीस अनारसे द्यायचे, आणि अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात. ते काही हरिहरेश्वराच्या खोलीत भिजत घालता येत नाहीत. ज्यांना मेच्या अखेरीस जायचे आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की, पंचवीस मेच्या सुमारास मालवणच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात आणि एक जूनपासून दोन महिने मासेमारीही बंद असते.

तीन मे, रविवार, वैशाख वद्य द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती म्हणजे सकाळी सव्वासातच्या सुमारास ओहोटी, आणि पौर्णिमा नुकतीच झालेली असल्याने पाणी चांगले आत गेलेले. हरिहरेश्वराच्या देवळामागे डोंगराच्या कडेने, लाटांनी कोरलेल्या खडकांतून प्रदक्षिणेची वाट आहे. ती ओहोटीतच चालावयाची. पाणी वर येऊ लागले की ते बघता बघता येते, आणि तेथे माणसे वाहून गेलेली आहेत. सौ.ने रकान्यात लिहिले आहे: 'साडेसहाला खाली, आठच्या आत वर.' सहलीला निघालेल्या माणसाला शाळेच्या घंटेची आठवण यावी असा तो रकाना आहे. पण समुद्रही वेळेच्या बाबतीत मुख्याध्यापकासारखाच वागतो, त्याला इलाज नाही.

त्याच दिवशी पहिली खाडी. किनारा नकाशावर सरळ दिसतो, पण मोटारीला तो सरळ नसतो. दर वीस-पंचवीस मैलांवर सह्याद्रीतून एक नदी येते आणि रस्ता तोडून समुद्राला मिळते. रेवसपासून रेडीपर्यंत अखंड सागरी महामार्ग व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या दिवसांतली, म्हणजे १९८०-८२ ची. खाड्यांवरचे मोठे पूल आता कुठे हाती घेतले जात आहेत. तोवर मोटारीने आतल्या गावांचा लांबलचक वळसा घ्यावा, नाहीतर सरळ फेरीबोटीत चढावे. २००३ साली दाभोळ आणि धोपाव्याच्या दरम्यान अशी मोटारी वाहून नेणारी बोट सुरू झाली आणि कोकणातल्या माणसाचे दिवसच्या दिवस वाचू लागले. आम्हाला अशा तीन खाड्या ओलांडायच्या आहेत. बागमांडल्याहून वेसवीला सावित्रीची, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीची, आणि तवसाळहून जयगडला शास्त्रीची. शेवटची खाडी ओलांडताना ज्या जयगडाहून आई सासरी निघाली, तेथेच आम्ही मोटारीसकट उतरू.

वेसवीला उतरल्यावर नाना फडणवीसांचे वेळास, पुढे केळशी, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, आणि मुक्काम हर्णैजवळ. वेळासची कासवांची पिल्ले एप्रिलपर्यंतच, तेव्हा ती आमच्या नशिबात नाहीत. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. आमच्या घरी मासे शिजत नाहीत, पण लिलाव ऐकायला काय हरकत आहे?

चार मे, सोमवार, तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. या दिवशी उलटा हिशेब. दाभोळची खाडी ओलांडून, गुहागर मागे टाकून दोनच्या आत हेदवीला पोचायचे, कारण तेथली बामणघळ भरतीतच पाहावी. काळ्या खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीचे पाणी तिच्यात घुसते आणि कोंडून उंच उसळते. आई लहानपणी तेथे गेली होती. तो आवाज आधी छातीत ऐकू येतो आणि मग कानात, असे ती सांगते. मुक्काम मागे वळून वेळणेश्वरला.

आणि मग पाच मे. माझ्या मनात दुसऱ्या दिवशी गणपतीपुळे होते. सौ.ने दिनदर्शिकेवर बोट ठेवले. "अहो, मंगळवार आहे आणि संकष्टी आहे. अंगारकी! त्या दिवशी पुळ्याला गाडी लावायला जागा मिळायची नाही, देव तर लांबच राहिला." हे बिनतोड होते. तेव्हा तो दिवस मोकळा राहिला. मी लगेच तो भरायला घेतला. अंजनवेलचा गोपाळगड आहे, गुहागरचा व्याडेश्वर आहे, हेदवीचा दशभुज गणेश आहे. तिने माझ्यासमोर त्या रकान्यात दोन शब्द लिहिले: 'काही नाही.'

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. उठायचं, चहा घ्यायचा, बसायचं. तीनला भरती आहे, ती बघायची."

यावर आमचा दोन दिवस वाद चालला. सात दिवसांत एक दिवस कोरा ठेवायचा, तर मालवण कापावे लागते. मालवण कापले की सिंधुदुर्ग गेला, वेंगुर्ले गेले, आणि ज्या शिरोड्यात वि. स. खांडेकरांनी शाळा चालवली आणि जेथे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, तेही गेले. माझे अजूनही स्वच्छ मत आहे की, चारशे किलोमीटर खाली उतरून मालवण न पाहता परतणे हा किनाऱ्याचा अपमान आहे. सौ.चे म्हणणे एवढेच की, एकतीस वर्षांत तिला सकाळी उठल्यावर 'आज काय काय करायचे आहे' हे आठवले नाही, असा दिवस गेलेला नाही. याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मालवण कापले गेले. सहा मेला जयगडमार्गे केशवसुतांचे मालगुंड, मग गणपतीपुळे आणि रत्नागिरी, सातला थिबा राजाचा वाडा पाहून आंबा घाटाने वर, आठला घर.

मोटारीची तयारी मी पाहतो. ब्रेक आणि टायर यांची तपासणी निघण्याच्या आठवडाभर आधी, आदल्या दिवशी नव्हे. घाट उतरताना मोटार खालच्या गिअरमध्ये, ब्रेकवर सगळा भार टाकायचा नाही. पेट्रोलचा पंप दिसला की टाकी भरायची, कारण किनाऱ्यावरच्या रस्त्याला पुढचा पंप कधी लागेल याचा नेम नाही. फेरीबोटीसाठी सुटे पैसे, कारण खाडीच्या काठी मोबाइलची रेंज भरती-ओहोटीपेक्षाही लहरी असते. आमच्याकडे पारा चाळिसाच्या वर असताना तिकडे तो कमी असतो, पण घामाच्या धारा लागतात; सुती कपडे दुप्पट घ्यावेत.

हे सगळे जुळले. अडून राहिले होते ते एकच, आणि ते कागदावरच्या एकाही रकान्यात नव्हते. आईजवळ सहा रात्री कोण? सौ.ने आधी हळूच सुचवले, आईंनाच घेऊन जाऊ. त्यांचेच गाव आहे. डॉक्टरांनी घाटाचे नाव काढताच मान हलवली, पण त्यांच्या आधी आईनेच नकार दिला होता. "मी आले तर तुमचे सात दिवस कुठले? ते माझ्या गोळ्यांचे सात दिवस होतील."

मग तिला विचारले, तुझे घर पाहून येऊ का? माहेरचे आता कुणी उरलेले नाही. घर कधीच दुसऱ्याचे झाले आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली. "घर बघायला जाऊ नका. परक्याच्या अंगणात काय उभं राहायचं? पाणी बघा. चतुर्थीला ना? तीन वाजता भरेल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि कोकम आणा. तुमच्याकडे मिळतं त्याला वास नसतो." पासष्ट वर्षे येथे काढूनही तिच्या तोंडी अजून 'तुमच्याकडे' असते, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले.

नगरच्या ताईला फोन केला. सौ. फोनजवळ उभी न राहता स्वयंपाकघरात गेली आणि तेथे भांडे न वाजवता काम करू लागली, यावरून मला काय ते कळले. ताई आली नाही तर हा बेतही पहिल्या दोघांच्या वाटेने जाणार होता आणि कुणी कुणाला बोल लावणार नव्हते. ताई म्हणाली, येते. पण तिच्या पुतणीचे लग्न दोन मेलाच आहे, ती तीन मेच्या दुपारी पोचेल. म्हणजे एक रात्र उरली, शनिवारची.

त्या रात्रीसाठी पुण्याहून लेकीला बोलवायचे ठरते आहे. ती यायची म्हणजे पुण्यापासून लपवून ठेवलेला सगळा बेत तिला सांगावा लागणार, तिच्याकडून तो मावश्यांना कळणार, आणि चुलतसासरे मुळशीच्या रस्त्यावर श्रीखंड घेऊन उभे राहणार, हे सौ.ला दिसते आहे. तरीही काल संध्याकाळी तिने स्वतःच लेकीला फोन लावला. उत्तर दोन दिवसांत येईल. वेळणेश्वरच्या खोलीचे आगाऊ पैसे मात्र आम्ही आज सकाळीच पाठवून दिले.